अर्ज शेवटी, आधी कागद

नवरा गेल्यावर पहिल्याच महिन्यात बाईनं कागदपत्रांचा विचार करावा, असं सांगणं निष्ठुर वाटतं. घरात दिवस पाळणं चालू असतं, भेटायला येणाऱ्यांची रीघ असते आणि तिला स्वतःला कशाचंच भान नसतं. पण कायद्यातल्या मुदती त्याच दिवसापासून धावू लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. नावावर जमीन असेल तर वारसांची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी लागते. शेतकरी अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेच्या दोन लाखांच्या प्रस्तावाला ३० दिवस असतात. हे सगळं निभावून ती निराधार अनुदानासाठी तहसील कचेरीत पोचते, तेव्हा तिची पात्रता सहसा कुणी नाकारत नाही. अर्ज अडतो तो काही महिन्यांपूर्वी घाईत झालेल्या एखाद्या नोंदीवर.

म्हणून या लेखात अर्ज कसा भरायचा याबद्दल थोडंच आहे. अर्ज सेतू केंद्रात किंवा महा ई-सेवा केंद्रात भरून मिळतो. त्याला जोडायचे कागद मात्र तुमचे तुम्हालाच जमवावे लागतात, आणि ते ठरावीक क्रमानं जमवले तरच एकातून दुसरा निघतो. लेख विधवा, घटस्फोटित आणि नवऱ्यानं टाकलेल्या बायकांसाठी आहे, तसाच त्यांच्यासोबत कचेरीत जाणाऱ्या भावासाठी, मुलीसाठी आणि शेजारणीसाठीही आहे.

आधी योजना कोणती ते पक्कं करू. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून चालू आहे. वय १८ ते ६५, राज्यात किमान १५ वर्षांचा रहिवास, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, या तिच्या मुख्य अटी. विधवा, घटस्फोटित, घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या, परित्यक्ता, देवदासी, ३५ वर्षांवरच्या अविवाहित निराधार बायका, तुरुंगात असलेल्या कैद्याची पत्नी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं कुटुंब, अपंग, तृतीयपंथी असे बरेच गट तिच्यात येतात. अपंग सोडून बाकीच्या गटांना २०२३ च्या जुलैपासून अनुदान महिना १,५०० रुपये आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेली चाळिशीपुढची विधवा असेल तर तिचा अर्ज इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजनेत जातो. तिथे ३०० रुपये केंद्राचे आणि उरलेले राज्याचे. बाईच्या हातात रक्कम तेवढीच पडते. पासष्टी ओलांडली की श्रावणबाळ योजना.

आणि लाडकी बहीण? ती जून २०२४ मध्ये आली, तिचेही १,५०० रुपयेच, आणि उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख. दोन्हींचे पैसे एकीला घेता येत नाहीत. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीणला अपात्र, असं तिच्या शासन निर्णयात लिहिलेलं होतं. तरी अर्ज भरले गेले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनं पाच लाख महिला अपात्र ठरवल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यातल्या दोन लाख तीस हजार संजय गांधी योजनेच्या लाभार्थी निघाल्या. माझं मत विचाराल तर, निराधार अनुदानाच्या अटीत बसणाऱ्या बाईनं तेच धरून ठेवावं. ही योजना पंचेचाळीस वर्षं सरकारं बदलली तरी टिकली आहे आणि म्हातारपणी श्रावणबाळमध्ये तिची पुढची सोय आहे.

नाव एक, कागदांवर तीन

कचेरीत येणाऱ्या बाईची पिशवी बहुधा सारखीच असते. कापडदुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात लॅमिनेट केलेलं आधार, घड्यांवर फाटलेलं रेशनकार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक आणि शाळा शिकलेली असेल तर पिवळा पडलेला शाळा सोडल्याचा दाखला. हे पाच कागद घरीच जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येकावरचं तुमचं नाव मोठ्यानं वाचा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नात नाव बदललं असेल तर आधारवर भलतंच नाव: शाळेतली मंदा इथे मंगल. रेशनकार्डावर तीच मंगलबाई, कारण पुरवठा शाखेत लिहिणाऱ्यानं आदरानं ‘बाई’ जोडलेलं. पासबुकावर इंग्रजीत स्पेलिंग निराळं. नवऱ्याच्या दाखल्यावर पत्नी म्हणून आणखी काही.

माणसाला हे पाचही कागद एकाच बाईचे आहेत हे एका नजरेत कळतं. संगणकाला कळत नाही, आणि अर्ज आता संगणकातून जातो. तेव्हा एक कागद प्रमाण धरा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवा. तो कागद आधार असावा, कारण पैसे शेवटी आधारच्या मागे मागे येतात. आधारवरचंच नाव चुकीचं असेल तर पहिल्यांदा ते दुरुस्त करा. नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं, जन्मतारीख एकदाच, म्हणून केंद्रात अंदाजानं काही सांगू नका. पडद्यावर काय टाईप केलंय ते सोबतच्या शिकलेल्या माणसाला वाचायला सांगा आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. नाव, पत्ता, जन्मतारीख बदलण्याचं शुल्क ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. दीडशे-दोनशे मागितले तर पावतीवरचा आकडा विचारा, बहुतेक वेळा आवाज खाली येतो.

लग्नानंतर नाव बदलल्याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. तो खेड्यातल्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नांचा क्वचितच असतो. मग राजपत्रात नाव बदलाची जाहिरात देण्याचा रस्ता उरतो. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रासाठी हा अर्ज ऑनलाइन होतो. फरक फक्त ‘बाई’चा किंवा एखाद्या अक्षराचा असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पुष्कळ ठिकाणी चालतं. त्यासाठी पाचशेचा बॉण्ड घ्यायला सांगतील. घेऊ नका. उत्पन्न, जात, रहिवास अशा दाखल्यांसाठी आणि सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांसाठी मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. साध्या कागदावर चालतं. बऱ्याच दाखल्यांना तर स्वयंघोषणापत्र पुरतं.

आधारला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय तेही याच फेरीत पाहा. मुलाचा जुना, बंद पडलेला नंबर असतो, कधी गावातल्या ऑनलाइन सेंटरवाल्याचा. ओटीपी ज्याच्या फोनवर जातो त्याच्या दारात तुम्हाला दर वेळी उभं राहावं लागतं. साधा बटणांचा फोन चालतो, पण सिमकार्ड तुमच्याजवळ हवं.

मृत्यूचा दाखला

विधवेच्या फाईलचा पाया हा एक कागद. तो बिघडला की वरचं सगळं बिघडतं. मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे नोंद होते, राहत्या गावी नव्हे. बीडच्या माणसाचा मृत्यू पुण्याच्या दवाखान्यात झाला तर दाखला पुणे महापालिकेचा. ग्रामसेवकाकडे हेलपाटे घालणाऱ्या अनेकींना ही गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते. दवाखान्यात मृत्यू झाल्यास कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची आहे, पण त्या वेळी भरला जाणारा फॉर्म कोण भरतं ते लक्षात घ्या. पुतण्या भरतो, मेहुणा भरतो, घाईत भरतो. घरात ज्या नावानं हाक मारतात तेच तो सांगतो. बाळासाहेबचं बाळू होतं, ज्ञानेश्वरचं माऊली. पत्नीच्या नावाच्या रकान्यातही तसंच. पुढे जन्मभर हा दाखला ‘हा तुमचा नवरा कशावरून?’ या प्रश्नाला कारण होतो. शक्य असेल तर दोघांच्या आधारची झेरॉक्स फॉर्म भरणाऱ्याच्या हातात द्या आणि तसंच उतरवायला सांगा. नोंदीत चूक राहिलीच तर पुरावे देऊन निबंधकाकडूनच दुरुस्ती करून मिळते, आणि ती जितकी लवकर तितकी सोपी.

घरी मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत घरच्यांनी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करायची. महिनाभरापर्यंत विलंब शुल्कावर भागतं. वर्षाच्या आत लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर जातं, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. वर्षानंतरच्या नोंदीला चौकशी कडक असते. मूळ दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढून ठेवा. बँक, विमा, वारस नोंद, रेशन, सगळीकडे लागतात. अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं, तेव्हा दोघंही हयात नसलेल्या बायका अडकल्या आणि नंतर त्यांना मृत्यूचे दाखले अंगणवाडी सेविकेकडे द्यायला सांगितलं गेलं.

दाखला हातात आला की नवऱ्याचं पासबुक भरून आणा आणि मे-जून महिन्यांच्या नोंदींत ४३६ रुपये वजा झालेले दिसतात का ते पाहा. ते पंतप्रधान जीवनज्योती विम्याचे असतात आणि त्याचे दोन लाख वारसाला मिळतात. वीस रुपये गेलेले असतील तर तो सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला दोन लाख. बँकेत खातं उघडताना सही घेतलेली असते, घरात कुणाला माहीत नसतं. बँक आपण होऊन घरी येऊन सांगणार नाही. नवरा नोंदीत बांधकाम कामगार असेल तर कल्याणकारी मंडळाकडे विधवेसाठी पाच वर्षं दरसाल २४ हजारांची तरतूद आहे. घर दारिद्र्यरेषेखालचं आणि कमावता माणूस साठीच्या आत गेलेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार. यांतली शेवटची फाईल तहसीलच्या त्याच संजय गांधी शाखेत जाते, तर ती वेगळ्या दिवशी कशाला न्यायची? लहान मुलं असतील तर बालसंगोपन योजनेत दर मुलामागे महिना २,२५० रुपये मिळू शकतात, पण तो अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात.

कुटुंब कुणाचं, उत्पन्न कुणाचं

आता रेशनकार्ड. सासऱ्यांच्या नावावरच्या एकत्र कार्डात तुमचं नाव आहे तोवर ‘कुटुंब’ म्हणजे सासू, सासरे, दीर, जाऊ सगळे, आणि उत्पन्नही सगळ्यांचं. दीर कारखान्यावर कायम असेल तर तुम्ही कागदावर निराधार ठरतच नाही, मग प्रत्यक्षात चूल वेगळी असो की घरात कुणी बोलत नसो. त्या कार्डातून तुमचं आणि मुलांचं नाव कमी करून दाखला घ्यायचा आणि स्वतंत्र कार्डासाठी अर्ज करायचा. अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ पासून घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई हीच कुटुंबप्रमुख धरली जाते, तेव्हा कार्ड तुमच्या नावानं मागायला संकोच नको. सासरचे कार्ड द्यायला तयार नसतील तर पुरवठा निरीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. मृत नवऱ्याचं नाव कमी करायचं तेही याच वेळी. पिवळ्या कार्डाची उत्पन्न मर्यादा वर्षाला १५ हजार आहे, केशरीची एक लाख. आणि गावच्या दारिद्र्यरेषेच्या यादीत तुमच्या घराचा अनुक्रमांक आहे का ते ग्रामसेवकाला विचारा. असेल तर त्याचा दाखला घ्या, कारण मग उत्पन्नाची अट त्यानंच भागते.

नसेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. इथे थोडं थांबून बोलायला हवं. २१ हजार वर्षाला म्हणजे महिना १,७५०. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली महाराष्ट्रात ३१२ रुपये होती. त्या दरानं बाईनं ६८ दिवस काम केलं की ती मर्यादेबाहेर गेली. म्हणजे सरकार तेव्हा एका हातानं शंभर दिवस कामाची हमी देत होतं आणि दुसऱ्या हातानं म्हणत होतं, तेवढं काम केलंत तर तुम्ही निराधार नाही. ही मर्यादा केव्हाच वाढायला हवी होती. ती वाढेपर्यंत तुम्ही काय कराल? खरी माहिती द्या, पण तुमची तेवढीच द्या. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्या जमिनीचं उत्पन्न तुमचं नाही, हे तलाठ्याच्या चौकशीत स्पष्ट सांगा. मजुरी वर्षातून किती महिने मिळते ते सांगा. ‘रोज तीनशे’ असं एका दमात सांगितलंत तर कुणीतरी त्याला तीनशे पासष्टनं गुणेल. आकडा फुगवून आत्मविश्वास दाखवण्याची ही जागा नव्हे.

एक गैरसमज मात्र सोडून द्या. अनुदान जाईल या भीतीनं काही जणी वारस नोंद टाळतात, आणि दीर ‘घाई कशाला, वहिनी’ म्हणून त्याला दुजोरा देतात. महिना दीड हजारासाठी नवऱ्याच्या वाट्याची जमीन सोडण्यात शहाणपण नाही. वर्दी द्या, पोच घ्या, फेरफार बघा.

उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला लोकसेवा हक्क कायद्यात येतो. अर्जाच्या पावतीवर दाखला कधी मिळणार ती तारीख असते, आणि ती उलटली तर अपील करता येतं. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षापुरता धरला जातो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढून ठेवू नका. एप्रिलमध्ये काढलात तर वर्षभर कामाला येतो.

पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट सोलापूर, सांगली, लातूर, नांदेडच्या सीमेलगतच्या गावांत जास्त टोचते. सून कर्नाटकातून किंवा तेलंगणातून आलेली, शाळेचा दाखला कन्नडमध्ये किंवा तेलुगूत. लग्नाला पंधरा वर्षं झाली असतील तर सासरच्या रेशनकार्डात नाव चढवल्याची तारीख, जुनं मतदार ओळखपत्र, मुलांचे इथले जन्मदाखले, अंगणवाडीतली नोंद, यांतलं मिळेल ते एकत्र करून तलाठ्याकडे द्या. जुनी, फाटकी रेशनकार्डं म्हणूनच जपायची. नवं मिळालं की जुनं चुलीत घालायचं नाही.

जिचा नवरा जिवंत आहे

विधवेला निदान एक दाखला असतो. घटस्फोटितेला कोर्टाचा हुकूमनामा असतो. परित्यक्तेकडे काहीच नसतं. नवऱ्यानं दुसरं घर केलं, हिला माहेरी आणून सोडलं, दहा वर्षं झाली. सगळ्या गावाला माहीत आहे आणि कागदावर ती अजून सौभाग्यवती आहे. तिच्या आधारवर नवऱ्याचं नाव, सासरचा पत्ता. रेशनकार्डात ती एकतर सासरी किंवा भावाच्या कार्डात पाहुणी. सगळ्यांत जास्त तयारी हिला करावी लागते आणि सगळ्यांत कमी मदत हिलाच मिळते, कारण माहेरची माणसं ‘कशाला वाच्यता’ म्हणून गप्प बसतात.

वाच्यता करावी लागते. लेखी करावी लागते. नवऱ्यानं सोडल्याची तक्रार पोलीस ठाण्यात किंवा महिला समुपदेशन केंद्रात दिलेली असेल तर तिची प्रत शोधा. नसेल तर आता द्या. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली अर्ज करता येतो, आणि हिंसाचार म्हणजे मारहाणच असं नाही. खायला न घालणं, पैसे न देणं, घराबाहेर काढणं हेही त्यात येतं. पोटगीचा दावा दाखल केलात तर त्याचा क्रमांक हा तुम्ही वेगळ्या राहता याचा भक्कम पुरावा होतो. वकिलाचे पैसे कुठून आणू, हा प्रश्न रास्त आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. कुठे जायचं तेच कळत नसेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर फिरवा.

यासोबत तुम्ही राहता त्या गावच्या ग्रामसेवक आणि तलाठ्याकडे, तुम्ही किती वर्षांपासून इथे राहता आणि नवरा सांभाळत नाही, अशा दाखल्यासाठी लेखी अर्ज द्या. अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, शेजारची दोन घरं यांचे जबाब चौकशीत उपयोगी पडतात. कार्यालयात कुणी ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणालंच तर, तो सही करणारा असता तर मी इथे आले नसते, एवढं उत्तर पुरे.

खातं

अनुदान २०२४ च्या अखेरीपासून डीबीटीनं थेट खात्यात जमा होऊ लागलं आहे. म्हणजे अर्जावर तुम्ही खाते क्रमांक कोणता लिहिलाय याला आता फारसा अर्थ नाही. पैसे तुमच्या आधारच्या क्रमांकावर पाठवले जातात, आणि त्या आधारशी शेवटचं सीडिंग ज्या बँकेत झालं तिथे ते जाऊन पडतात. बँकेत ‘आधार लिंक आहे’ म्हणतात ते पुष्कळदा केवायसीपुरतं असतं. डीबीटीचं सीडिंग ही निराळी गोष्ट, तिला निराळा संमती अर्ज द्यावा लागतो. माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती ओटीपी टाकून दिसते, बँकेचं नावही दिसतं. हे पाहायला दोन मिनिटं लागतात, आणि अनुदान मंजूर आहे पण पैसे नाहीत, या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच सापडतं. कधीकाळी सिमकार्ड घेताना किंवा मेळाव्यात उघडलेल्या खात्यात हप्ते पडत असतात आणि बाईला त्या खात्याचा पत्ता नसतो.

खातं एकटीच्या नावाचं असावं, दिरासोबत किंवा मुलासोबत जोडखातं नको. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं, तेव्हा शंभर रुपये भरून आणि केवायसी करून ते जागं करा. बँक लांब असेल तर पोस्टाची पेमेंट बँक बरी, पोस्टमन दारात येऊन अंगठ्यावर पैसे देतो. आणि बचत गटाचा किंवा मायक्रोफायनान्सचा हप्ता ज्या खात्यातून कापला जातो ते खातं यासाठी वापरू नका. दीड हजार सकाळी येतात, दुपारी हप्त्यात जातात.

अर्ज दिल्यावर

अर्ज देताना प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर स्वतः सही किंवा अंगठा करा, मूळ कागद कुणालाही ठेवू देऊ नका. पोच घ्या. तोंडी ‘झालं तुमचं’ म्हणजे काही झालेलं नसतं. त्यानंतर तलाठी चौकशीला येतो आणि मग तालुका समितीच्या बैठकीत अर्ज ठेवला जातो. तहसीलदार तिचे सदस्य सचिव. बैठका लांबतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची अडचण वेगळीच: दिवाळीनंतर टोळी निघते, चौकशीला माणूस येतो तेव्हा घराला कुलूप, आणि शेरा पडतो ‘सदर महिला गावी राहत नाही’. जाण्याआधी तलाठ्याला लेखी कळवून जा की, अमुक महिन्यापर्यंत मजुरीसाठी बाहेर आहे, घर आणि रेशन याच गावचं आहे.

समितीत कुणाची ओळख आहे, दोन हजारांत काम करून देतो, असं सांगणारा माणूस बहुतेक प्रत्येक तहसीलच्या चहाच्या टपरीवर भेटतो. तो नेमकं काय करतो? तुमचा अर्ज आपोआप मंजूर झाला तर पैसे ठेवतो, नामंजूर झाला तर दिसत नाही. त्याला ओटीपी सांगितलात तर मात्र तो बरंच काही करू शकतो.

अर्जाचं काय झालं ते कळत नसेल तर माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, आणि तेवढे शब्द लागतही नाहीत: अमुक तारखेला दिलेल्या माझ्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची आणि शेऱ्यांची प्रत द्यावी. उत्तराला ३० दिवस असतात. प्रत्यक्ष गाऱ्हाणं मांडायचं असेल तर दर महिन्याच्या चौथ्या सोमवारी तालुक्याला महिला लोकशाही दिन असतो. तिथे गर्दी नसते, कारण तो असतो हेच फारसं कुणाला ठाऊक नाही. नामंजुरी आली तर कारण लेखी मागा, त्रुटी भरा आणि पुन्हा अर्ज करा. एकदा नाकारलं म्हणजे कायमचं नाकारलं असं नाही.

मंजुरी मिळाली तरी दरवर्षी हयातीचा दाखला आणि उत्पन्नाची पडताळणी चुकवू नका. ती राहिली की अनुदान बंद होतं, आणि ते बंद झाल्याचं पत्र सहसा कुणाला येत नाही. दोन महिने ओळीनं पैसे आले नाहीत तर तिसऱ्याची वाट न बघता पासबुक आणि मंजुरीपत्र घेऊन संजय गांधी शाखेत जा.